साठ दिवस म्हणजे किती दिवस?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे इंग्रजीत छापलेला कोणताही कागद आला की तो माझ्यापुढे येतो. आतेभावाने कॅनडात शिकण्यासाठी परवान्याचा अर्ज केला तेव्हाही आत्या म्हणाली, "वाच गं बाई, कधी मिळंल म्हणतात?" मी वाचले, साठ दिवस. आत्याने कॅलेंडरवर खूण केली आणि त्या भरवशावर विमानाचे तिकीट काढले गेले. उत्तर आले एकाहत्तराव्या दिवशी.

सगळ्यांनी त्या परदेशी कचेरीला बोल लावला. मी मात्र तो मजकूर पुन्हा वाचला, आणि मान खाली गेली.

कॅनडाचे इमिग्रेशन खाते दोन निराळे आकडे देते. एक 'सेवा-मानक', म्हणजे नेहमीच्या परिस्थितीत इतक्या दिवसांत निकाल देऊ, असे खात्याने स्वतःपुढे ठेवलेले उद्दिष्ट. देशाबाहेरून मागितलेल्या विद्यार्थी-परवान्यासाठी ते ६० दिवसांचे आहे. पण शंभरातल्या ८० अर्जांपुरते! उरलेले वीस रखडले, तरी खात्याच्या हिशेबी उद्दिष्ट पुरे झालेले असते. दुसरा आकडा 'प्रक्रिया-काळ'. तो पुष्कळदा मागचा हिशेब असतो : गेल्या काही आठवड्यांत ८० टक्के अर्ज निकाली काढायला किती वेळ लागला एवढेच तो सांगतो. गेल्या वर्षीचा पाऊस बघून यंदाची पेरणी ठरवावी, तशातला हा प्रकार.

शिवाय दिवस मोजायचे कधीपासून? आत्याने मोजले ते एजंटाला पैसे दिले त्या दिवसापासून. खाते मोजते पूर्ण अर्ज हाती आल्यापासून, आणि बोटांचे ठसे द्यायला जाणारे दिवस त्यात धरत नाही.

सर्वत्र असेच असते असे नाही. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्प मुदतीच्या व्हिसासाठी कायद्यातच मुदत आहे : ग्राह्य अर्ज दाखल झाल्यापासून १५ दिवस, अधिक छाननी लागली तर ४५ पर्यंत. नकार दिल्यास कारण लेखी द्यावे लागते आणि अपिलाचा हक्क राहतो. २०२० च्या फेब्रुवारीपासून तेथे प्रवासाच्या सहा महिने आधी अर्ज करता येतो. पूर्वी तीनच महिने आधी येत असे.

आपल्याकडेही २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते, आणि सबळ कारण नसेल तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी स्वतः तीन खेपा घातल्या, तेव्हा हे ठाऊक असते तर! असो.

हे सारे आत्याला समजावून सांगितले. ती सगळे ऐकून म्हणाली, "मग त्या विसात आपला हाय का न्हाई, हे कुठं लिवलंय?"

ते कोठेच लिहिलेले नसते. आतेभाऊ सप्टेंबरऐवजी जानेवारीच्या सत्राला गेला. तिकिटाचे पैसे बुडाले.