गुडघ्याचा वात की हाडाचा टीबी?



१ जूनपासून बंदी लागली, होड्या किनाऱ्यावर आल्या. आता वर्षभर दाबून ठेवलेली दुखणी बाहेर येतील. रापण ओढून गुडघा सुजला की आपल्याकडे एकच नाव, वात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण टीबी फक्त छातीत होतो असं नाही. तो मणक्यात, खुब्यात, गुडघ्यात बसतो आणि तेव्हा हुबेहूब संधिवातासारखा दिसतो.

फरक कुठे बघायचा? आमवात सहसा दोन्ही हातांची बोटं, मनगटं एकदम धरतो आणि सकाळी तासभर सांधे आखडतात. टीबी बहुधा एकच मोठा सांधा धरतो. सूज हळूहळू महिनोन्महिने वाढते, फार लाल किंवा गरम होत नाही, रात्री ठणकते, आणि त्या पायाची मांडी बारीक होत जाते. खोकला नसेल, तापही नसेल. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सुटलो असं समजू नका. रक्तातला ईएसआर दोन्ही आजारांत वाढतो. टीबीत कधी कधी आरए फॅक्टरसुद्धा पॉझिटिव्ह येतो, तिथेच गल्लत होते.

खरा धोका पुढे आहे. वात समजून सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं की चार दिवस बरं वाटतं, आतला जंतू मात्र जोर धरतो आणि सांधा खाऊन टाकतो. म्हणून एकच सांधा दीड-दोन महिने सुजलेला असेल, तर इंजेक्शनआधी सरळ विचारा, ‘डॉक्टर, टीबी नाही ना?’ खात्री होते ती सांध्यातलं पाणी किंवा छोटा तुकडा काढून सीबीनॅट, कल्चर आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी केल्यावर. एमआरआयने नुसता अंदाज येतो.

औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात. कोर्स साधारण १२ महिन्यांचा, कधी त्याहून लांब. म्हणजे ६१ दिवसांच्या बंदीत तो संपणार नाही, समुद्रावर जाताना गोळ्या डब्यात हव्यात. लघवी केशरी होते, ते औषधामुळे, घाबरू नका. छातीत टीबी नसेल तर हा आजार घरच्यांना लागत नाही, वेगळं ताट मांडायची काहीच गरज नाही.

आणखी एक, खास आपल्या धंद्यातलं. टीबीच्या जंतूचा एक भाऊबंद पाण्यात आणि माशांवर राहतो. काटा टोचल्यावर काही आठवड्यांनी बोटावर गाठ येते, बोट सुजून आखडतं आणि त्यालाही वातच म्हटलं जातं. हा जंतू सीबीनॅटवर दिसत नाही. कल्चरसुद्धा ३० अंशांच्या आसपास, म्हणजे नेहमीपेक्षा थंड ठेवावं लागतं. औषधंही वेगळी. तेव्हा हात दाखवायला गेलात की आधी सांगा, मी मासळीत काम करतो, काटा लागला होता.