टीडी घेतली, मग टीडॅप कशाला?

प्रश्न : माझं पहिलं बाळ 33व्या आठवड्यात झालं. आता पुन्हा दिवस गेलेत, पंचविसावा आठवडा चालू आहे. इथल्या डिस्पेन्सरीत टीडीचं एक इंजेक्शन झालं. तरी डॉक्टर म्हणतात, काली खाँसीसाठी टीडॅप घ्या. एकाच गोष्टीसाठी दोनदा टोचून घ्यायचं का?
– एक वाचक, नोएडा

उत्तर : काली खाँसी म्हणजे आपला डांग्या खोकला. टीडीत धनुर्वात आणि घटसर्प या दोनच रोगांवरची लस असते. डांग्या खोकल्यावरची टीडॅपमध्ये असते, आणि ती बहुधा खाजगीत पैसे मोजूनच घ्यावी लागते. टीडीचा दुसरा डोस राहिला असेल, तर त्याऐवजी टीडॅप चालते. पहिल्या खेपेला घेतली असली तरी या खेपेला पुन्हा हवी.

ही लस खरं तर बाळासाठी आहे. डांग्या खोकल्यावरची त्याची स्वतःची पहिली लस, पेंटाव्हॅलंट, दीड महिन्याचं झाल्यावर मिळते. तोवर आईकडून वारेवाटे आलेल्या प्रतिपिंडांवरच त्याची भिस्त. ही शिदोरी मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरते. 33व्या आठवड्यात आलेलं बाळ ती अर्धवट घेऊनच येतं. शिवाय लस टोचल्यावर आईच्या अंगात प्रतिपिंडं पुरेशी वाढायला दोनेक आठवडे जातात.

फॉग्सी ही आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना 27 ते 36 आठवड्यांत टीडॅप घ्यायला सांगते. म्हणजे डोहाळजेवणाच्या सुमारास. तुम्ही मात्र 36ची वाट मुळीच पाहू नका. 27वा लागताच घ्या. त्याआधी घ्यावी का, हेही डॉक्टरांना पहिल्या बाळाची हकिगत सांगून विचारा. ब्रिटनमध्ये 2012च्या साथीत तान्ही बाळं दगावली, तेव्हा गरोदरपणातली ही लस सुरू झाली. 2016पासून तिथे ती सोळाव्या आठवड्यापासूनच देतात.

एक गोष्ट मला फार काळजीची वाटते. दिल्लीत दिवाळीनंतर घरोघरी खोकला असतो आणि सगळे धुराला दोष देतात. मोठ्या माणसाचा डांग्या खोकला त्यात सहज लपतो, कारण तो नुसता आठवडेच्या आठवडे खोकत राहतो. तान्ह्या बाळाला मात्र कधीकधी ढासही येत नाही. श्वासच थांबतो, ओठ निळे पडतात. तसं दिसलं तर तडक इस्पितळ गाठा. आणि खोकणाऱ्याने, मग ती आजी का असेना, बाळाला घेऊ नये.

बाळ याही खेपेला लवकर आलं, तर पेंटाव्हॅलंटचे सहा आठवडे जन्मतारखेपासूनच मोजायचे, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून नव्हे.