रोज तीन शब्द : नागझिऱ्याच्या जंगलातून

थर्ड इयर लागलं की आपल्या हातात इंग्रजी शब्दांची जाड यादी येते. समोर कॅम्पस इंटरव्ह्यू नाहीतर जीआरई. रोज पन्नास शब्द पाठ करायचे आणि आठवड्यानं त्यातले पाच आठवायचे! कॉन्व्हेंटमध्ये शिकूनसुद्धा ही यादी मला परकीच वाटते.

यापेक्षा चांगली पद्धत आपल्या गोंदिया जिल्ह्यातच आहे. नागझिरा, नवेगावबांधच्या जंगलांत काम केलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी आदिवासींना विचारून झाडा-पाखरांची नावं गोळा केली आणि मराठीला कितीतरी नवे शब्द दिले. बगळे जिथे एकत्र घरटी करतात त्या जागेला इंग्रजीत ‘हेरॉनरी’ म्हणतात. त्यांनी शब्द दिला ‘सारंगागार’. आगार म्हणजे घर, ठिकाण. एसटीचं आगार असतं ना, तेच! इंग्रजीतही ‘हेरॉन’ला ‘री’ जोडून जागा दाखवली आहे, जशी बेकरी, नर्सरी. म्हणजे एक शब्द नीट उलगडला की चार शब्द हाती लागतात.

हीच रीत वापरून रोज फक्त तीन शब्द शिकूया.

१) आधी वस्तू, मग शब्द. नागझिऱ्यातलं चितळ हर्बिव्होर, वाघ कार्निव्होर आणि अस्वल ऑम्निव्होर. तिन्हींतला ‘व्होर’ लॅटिनमधला, अर्थ गिळणं, खाणं. त्यावरूनच ‘डिव्हाउर’ म्हणजे फस्त करणे आणि ‘व्होरेशस’ म्हणजे अधाशी. एका मुळाला पाच शब्द!

२) शब्दाचं गाव शोधा. ‘मंगूज’ हा इंग्रजी शब्द आपल्या मुंगसावरून गेला आहे. ‘टीक’ म्हणजे सागवान, तो मल्याळममधून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत पोचला. ‘जंगल’ तर आपलंच. गाव कळलं की शब्द परका राहत नाही.

३) वाक्यात वापरा. २०११ पासून जीआरईत विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न येत नाहीत, वाक्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या असतात. त्यामुळे नुसता अर्थ पाठ करून भागत नाही. शब्द कुठल्या वाक्यात शोभतो ते कळायला हवं.

४) उजळणी करा. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ मध्येच दाखवून दिलं, की पाठ केलेलं सुरुवातीला फार झपाट्यानं विसरतं. म्हणून त्याच रात्री, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं तो शब्द पुन्हा बघा. खिशातली छोटी वही पुरे.

५) शेजारी मराठी शब्द लिहा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘नॉक्टर्नल’ चटकन आठवतो पण ‘निशाचर’ आठवत नाही, अशी आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांची गत. मराठी माध्यमातल्या मित्रांचं नेमकं उलटं. मग जोडी जमवा ना! एकानं इंग्रजी शब्द द्यावा, दुसऱ्यानं मराठी. दोघांचीही वही भरेल आणि इंग्रजी बोलायची भीतीही जाईल.

रोज तीन म्हणजे वर्षाला १,०९५ शब्द. फायनल इयरच्या इंटरव्ह्यूपर्यंत एवढी शिदोरी काही कमी नाही. आणि एखाद्या इंग्रजी शब्दाला मराठी शब्द सापडलाच नाही, तर चितमपल्लींसारखा आपणच एक घडवून बघायला काय हरकत आहे?