खरचटलंय म्हणून सोडू नकोस

चि. सोनू,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून ताईच्या हाती ही चिठ्ठी देते. मरोळला बाईक घसरली, कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटलं आणि तू हळद दाबून ऑफिसला गेलास म्हणे! हाडं शाबूत आहेत हे ऐकून जीव भांड्यात पडला. हळदीचं ऐकून मात्र राग आला. माझी सगळी नोकरी महापालिकेच्या रुग्णालयात ड्रेसिंग करण्यात गेली, तेव्हा हे हक्काने लिहिते.

डांबराचा चुरा, माती, ऑइल असं सगळं त्या जखमेत रुतलेलं असतं. वेळीच काढलं नाही तर वरून कातडी भरून येते आणि गोंदल्यासारखे निळे-काळे डाग जन्मभर राहतात. हात वाहत्या नळाखाली चांगला दहा मिनिटं धर. साबण फक्त कडेने लाव. स्पिरिट ओतू नकोस, त्याने नवी कातडी जळते. आत राहिलेले कण डॉक्टर जागा बधिर करून चिमट्याने काढतील. तू नखाने कोरत बसू नकोस.

जखम उघडी ठेवली की लवकर सुकते, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. ते खरं नाही. झाकून ओलसर ठेवलेली जखम जवळपास दुप्पट वेगाने भरते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं. म्हणून आधी व्हॅसलिनची जाळी आणि तिच्यावर कोरडं गॉझ. नुसतं गॉझ ठेवलं तर ते चिकटतं, आणि ओढून काढलं की कालच आलेली गुलाबी कातडी त्याच्याबरोबर सोलून येते. चांगले धट्टेकट्टे गडी त्या वेळी टेबलाची कड घट्ट धरतात. चिकटलंच, तर सलाइनने भिजवून आपोआप सुटू दे.

मला खरी धास्ती आहे ती पावसाची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने माणसं दगावली. उंदरांच्या, कुत्र्यांच्या, गुरांच्या लघवीतले त्याचे जंतू तुंबलेल्या पाण्यात येतात आणि अशाच सोललेल्या कातडीतून अंगात शिरतात. अंधेरी सबवे भरला असेल तर वळसा घाल, उशीर झाला तरी चालेल. त्या पाण्यातून जावंच लागलं, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना सांग. गोळ्या द्यायच्या का ते ठरवतील. नंतरच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर क्रोसिन घेऊन झोपू नकोस, लगेच दाखव.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंस? जखम मातकट असेल आणि आधीच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटून गेली असली की पुन्हा घ्यावं लागतं. ताईला आठवत नाही, म्हणजे घेऊनच टाक. कूपर रुग्णालयात जा नाहीतर गल्लीतल्या दवाखान्यात, पण आजच जा. लाली पसरायला लागली, पू किंवा वास आला तर पुन्हा जा.

जखम भरल्यावर काही महिने तिथे ऊन लागू देऊ नकोस, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत जा.

तुझी मावशी