बाद कोषांतली प्रथिने

प्रश्न : तुती रेशमाच्या बाद कोषांतून प्रथिने काढायला कमी घातक द्रावक कोणते? – एक रेशीम उत्पादक, जालना

उत्तर : सेरिसिनसाठी पाणीच पुरेसे. कोष कापून आतली अळी काढा आणि कवच प्रेशर कुकरमध्ये सुमारे १२० अंशांवर तासभर ठेवा; सोडा नको, साबण नको. कवचाच्या वजनाचा २० ते ३० टक्के भाग असलेला हा डिंक, म्हणजे सेरिसिन, पाण्यात उतरतो. उरलेले फायब्रॉइन, म्हणजे धाग्याचे प्रथिन, मात्र चिवट. त्यासाठी प्रयोगशाळांत महागडे लिथियम ब्रोमाइड वापरतात. मी कॅल्शियम क्लोराइड, इथेनॉल आणि पाणी (मोल प्रमाण १:२:८) सुचवेन. इथेनॉल पेट घेते, म्हणून उघडी ज्योत नकोच. शेवटी डायलिसिसने क्षार काढा. द्रावक म्हणून सुचवल्या जाणाऱ्या आयनिक द्रवांच्या ‘हरित’ बिरुदाला भुलू नका. ते हवेत उडत नाहीत हे खरे, पण इमिडाझोलियम गटातले अनेक द्रव जलचरांना विषारी असतात.