एमआरआयमध्ये जुना डाग सापडला. आता गोळी सुरू करायची का?

चक्कर येते किंवा डोकं दुखतं म्हणून एमआरआय काढला जातो आणि रिपोर्टात अनपेक्षित शब्द दिसतात: 'ओल्ड लॅक्यूनर इन्फार्क्ट'. मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीचा पुरवठा कधीतरी बंद पडला, तिथला लहानसा भाग मेला आणि माणसाला पत्ताही लागला नाही, असा त्याचा अर्थ. साठीपुढच्या साधारण पाचांतल्या एकाच्या मेंदूत असा मुका डाग सापडतो. तो सापडलेल्यांना पुढे खरा झटका येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात २००३ साली स्मृतिभ्रंशाचा धोकाही दुपटीहून अधिक दिसला. म्हणून या डागाकडे काणाडोळा करू नये. पण रिपोर्ट हाती पडताच घरात पहिला प्रश्न निघतो तो 'रक्त पातळ करायची गोळी चालू करू या का?' हा, आणि माझ्या मते तो बऱ्याच नंतर यायला हवा.

आधी डाग इन्फार्क्टचाच आहे ना, हे पक्कं करा. बारीक रक्तवाहिन्यांभोवतीच्या रुंदावलेल्या पोकळ्या पुष्कळदा तशाच दिसतात. वयाबरोबर येणारे पांढुरके बदलही रिपोर्टात 'इस्केमिक चेंजेस' म्हणून लिहिले जातात, पण ती वेगळी गोष्ट आहे. नुसता कागद नेऊ नका, फिल्म किंवा सीडी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा, म्हणजे मायक्रोब्लीड्स, आहेत का, हेही तिथेच विचारा. त्या नीट दाखवणारी तपासणी प्रत्येक एमआरआयमध्ये केलेली नसते, आणि रक्त पातळ करण्याचा विचार असेल तर ही माहिती हाताशी हवी.

मग घरच्यांना घेऊन बसा आणि आठवा. कधी हातातून कप गळून पडला होता? बोलणं जड झालं होतं, तोंड वाकडं झालं होतं, एका डोळ्यापुढे पडदा आला होता? अर्ध्या तासात बरं वाटलं आणि 'पित्त असेल' म्हणून विषय सोडून दिला, असं आपल्याकडे फार होतं. बायकोला किंवा नवऱ्याला नक्की विचारा, कारण ज्याला झालं त्यालाच पुष्कळदा आठवत नाही. असं काही घडलं असेल आणि डागाच्या जागेशी जुळत असेल, तर डाग मुका नाहीच. तो होऊन गेलेला झटका आहे. तशा झटक्यानंतर अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) यांचा फायदा सिद्ध झालेला आहे, तिथे गोळी टाळू नये.

खरोखर काहीच घडलं नसेल, तर डाग कशामुळे पडला ते शोधायचं. ईसीजी, गरज वाटल्यास होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन. हृदयाची लय अनियमित (एट्रियल फिब्रिलेशन) निघाली, तर प्रश्न अ‍ॅस्पिरिनचा उरत नाही, वेगळ्या आणि जास्त प्रभावी औषधांचा होतो.

बहुतेकांचं उत्तर मात्र रक्तदाबात सापडतं. दवाखान्यातल्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. घरी दंडावर बांधायचं यंत्र आणा, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी दोन-दोनदा मोजा. सात दिवस लिहून ठेवा, पहिला दिवस वगळून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर बीपीची गोळी हीच तुमची मुख्य प्रतिबंधक गोळी. युरोपीय स्ट्रोक संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनाही रक्तदाब असलेल्यांसाठी हेच सांगतात. 'आता नॉर्मल आलं' म्हणून ती बंद करणारे खूप भेटतात. ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं. वयस्कर माणसाला उठताना अंधारी येत असेल तर डोस हळूहळू वाढवायला सांगा. लोणचं, पापड, मिश्री आणि तंबाखू यांचा हिशेबही याच वहीत मांडा.

आता अ‍ॅस्पिरिन. त्याच युरोपीय सूचना सांगतात की बारीक रक्तवाहिन्यांचा मुका आजार एवढंच कारण असेल, तर ते देऊ नये. एएसपीआरईई या मोठ्या चाचणीत १९,११४ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं गेलं. २०१८ मध्ये निकाल आला: निरोगी आयुष्य वाढलं नाही, मोठा रक्तस्राव मात्र हजारात २८ ऐवजी ३८ जणांना झाला. ही माणसं मुक्या डागासाठी निवडलेली नव्हती, म्हणून निकाल जसाच्या तसा लागू होत नाही, पण अ‍ॅस्पिरिन फुकटात पडत नाही एवढं त्यातून ठाम कळतं. त्याला क्लोपिडोग्रेलची जोड देणं तर कायमचं नकोच. लक्षणं दाखवणाऱ्या लॅक्यूनर झटक्यानंतरही ही जोडी दीर्घकाळ दिल्यावर झटके घटले नाहीत, रक्तस्राव वाढला. अँजायना, स्टेंट किंवा मानेची धमनी बरीच अरुंद असेल, तर हिशेब बदलतो, पण तेव्हा कारण डाग नसतं, ते दुखणं असतं.

डॉक्टरांपुढे स्वतःची रक्तस्रावाची बाजू मांडा: पूर्वीचा अल्सर, काळी शी, किडनीचा त्रास, दारू, पंचाहत्तरीपुढचं वय. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या. त्या सांगायला बहुतेक जण विसरतात, आणि अ‍ॅस्पिरिनबरोबर पोटातल्या रक्तस्रावाचा धोका त्या वाढवतात.

स्टॅटिनचा निर्णय एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), मधुमेह आणि हृदयविकाराचा एकूण धोका पाहून घ्यायचा. चाळिशीपुढचा मधुमेही असाल तर ते बहुधा डाग नसतानाही घ्यायला हवं होतं. प्रत्येक गोळीपुढे वहीत लिहून घ्या: कशासाठी, किती दिवस, पुन्हा कधी बघायचं. कारण सांगता येत नसेल अशी गोळी नुसती रिपोर्टच्या भीतीपोटी सुरू करू नका.

कुणी आधीच अ‍ॅस्पिरिन सुरू केलं असेल तर हे वाचून स्वतःहून थांबवू नका. विशेषतः स्टेंट असताना अचानक बंद करणं जीवघेणं ठरू शकतं. पुढच्या भेटीत विचारा. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यांपैकी काहीही दिसलं की घड्याळात वेळ बघून लगेच १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. तोवर अ‍ॅस्पिरिन तोंडात घालू नका, कारण सीटी स्कॅन होईपर्यंत तो झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.