वारा आधी मोजा, पवनचक्की नंतर!

साताऱ्याहून ठोसेघरचा धबधबा बघायला गेलात की पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात. आपण फोटो काढतो आणि परत येतो. पण त्या इतक्या उंचावर का बसवल्या? उत्तर एका सूत्रात आहे :

शक्ती = १/२ × हवेची घनता × पात्यांनी व्यापलेलं क्षेत्रफळ × (वेग)³

सगळी गंमत त्या घनात आहे. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट! उलट, वेग १० टक्के कमी निघाला तर शक्ती २७ टक्क्यांनी घटते. मग कर्जाचे हप्ते फेडायचे कसे? म्हणून जागा पक्की करण्याआधी तिथे उंच मास्ट उभारून निदान वर्षभर वाऱ्याचा वेग आणि दिशा नोंदवतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वारा जोरात असतो, नंतर मंदावतो. नुसत्या जुलैच्या आकड्यांवर विसंबलं तर प्रकल्प बुडालाच म्हणून समजा.

आता एक छोटं गणित. समजा वारा निम्मा वेळ सेकंदाला ४ मीटर आणि निम्मा वेळ ८ मीटर वाहतो. सरासरी ६, तिचा घन २१६. पण ४ आणि ८ यांच्या घनांची सरासरी (६४ + ५१२) ÷ २ = २८८. म्हणजे तब्बल ३३ टक्के जास्त! म्हणून नुसती सरासरी चालत नाही. कोणता वेग किती तास होता, तेही लागतं.

ही सगळी शक्ती मिळते का? नाही. हवा पूर्ण थांबवली तर मागच्या हवेला जागाच उरणार नाही. जास्तीत जास्त ५९.३ टक्के, असं जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवलं.

शेवटी हॉस्टेलवर हमखास रंगणारा वाद : पवनचक्क्या पाऊस पळवतात का? दुष्काळात सातारा-सांगलीकडे असा समज पसरला होता. मी एवढंच सांगतो, की सह्याद्री चढताना ढग बराचसा पाऊस पश्चिमेला टाकतात, त्यामुळे पूर्वेकडचे तालुके पर्जन्यछायेत येतात. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा तिथे एकही पवनचक्की नव्हती.

तरी गावकऱ्यांना हसू नका. पीक त्यांचं जळतं, जमीनही त्यांचीच जाते. हे गणित त्यांच्या पारावर बसून, त्यांच्या भाषेत समजावता आलं, तर आपण इंजिनिअर झालो म्हणायचं.